एकशे सत्तेचाळीस नंबरची चाचणी

तुइरे केम्पाइनेन मुळात घाबरट बाई नव्हती. काइनूच्या जंगलपट्टीत वाढलेली, लाकडाचे ट्रक चालवणाऱ्या बापाची मुलगी. चौदाव्या वर्षापासून बापाबरोबर शिकारीला जायची आणि मारलेलं जनावर सोलायला सगळ्यांच्या पुढे असायची. उणे अठ्ठावीस अंशांतसुद्धा सायकलनं ऑफिसला यायची, भुवयांवर बर्फ घेऊन. कुणी काही विचारलं तर म्हणायची, "घरापासून उतारच आहे." आमच्या औलू शहरात उतार कुठेच नाही.

साइवो नावाच्या कंपनीत ती अकरा वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसली. कंपनीत जगभरात ऐंशी हजार माणसं, औलूत बाराशे. फोनचे कॉल एका ठिकाणाहून दुसरीकडे पोहोचवणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे बनायचं. बनवायचे दुसरे, तपासायचो तुइरे आणि मी. प्रत्येक नव्या आवृत्तीवर दोनशे चौदा चाचण्या चालवायच्या, सगळ्या पास झाल्या की तुइरे सही करायची, मग ती आवृत्ती फोन कंपन्यांकडे जायची. सही तुइरेची, कारण ती हट्टी होती आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. काहीही तपासल्याशिवाय सोडत नाही म्हणून नवी पोरं तिला मागून 'कस्टमवाली' म्हणायची. तिलाही ते माहीत होतं आणि आवडायचं.

त्या वर्षी शरद ऋतूत कंपनीत कपातीची बोलणी सुरू झाली. चार वर्षांतली ही चौथी खेप. पहिल्या खेपेला लोक चिडले होते, दुसऱ्या खेपेला रडले होते. चौथ्या खेपेला कुणी काहीच बोलत नव्हतं. ज्याचं नाव यादीत असेल त्याच्या कॅलेंडरमध्ये पंधरा मिनिटांची एक बैठक यायची. विषयाचा रकाना रिकामा, जागा तळमजल्यावरची खोली. कुठल्या खोल्यांत टेबलावर रडणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचा खोका ठेवलाय हे कुणीतरी सकाळी फिरून बघून यायचं, आणि दुपारपर्यंत मजल्यावर सगळ्यांना कळलेलं असायचं. लोक कॉफीचा दुसरा कप घेईनासे झाले, कारण कॉफीच्या खोलीत बसलेलं कुणाला दिसायला नको. तापानं फणफणलेली माणसं कामावर येऊ लागली.

तुइरेचा नवरा रायमो आधीच्याच खेपेला गेला होता, आमच्याच इमारतीतून. सोळा वर्षांची नोकरी. तेव्हापासून तो घरी बसून गॅरेजमध्ये एक बोट बनवत होता. "बोट कुठवर आली?" मी विचारायचो. "आता समुद्राला जागा करायला सांगितलंय," तुइरे म्हणायची. पण त्या ऑक्टोबरात मी विचारलं तेव्हा तिनं ऐकलंच नाही. ती कॅलेंडरकडे बघत बसली होती.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी एक आवृत्ती बाहेर जायची होती. दुपारी दोनच्या सुमाराला तुइरे खुर्चीत मागे सरकली आणि म्हणाली, "एकशे सत्तेचाळीस पडली."

ही चाचणी काय ते सांगायला हवं. मुख्य केबल तुटली तर बाकीचे कॉल थोडा वेळ अडकले तरी चालतं, पण एकशेबारा, म्हणजे रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा नंबर, दुसऱ्या वाटेनं लगेच लागलाच पाहिजे. तो लागतो की नाही ते ही चाचणी बघायची.

"परत चालव," मी म्हणालो.

तिनं परत चालवली. चाळीस मिनिटं लागली. परत पडली. तिसऱ्यांदा चालवली तेव्हा पास झाली.

एवढ्यात यार्मो आला. यार्मो हुत्तू आमचा प्रमुख. माणूस वाईट नव्हता. त्या दिवसांत त्याच्या दोन्ही अंगठ्यांची कातडी सोललेली असायची, बोलता बोलता तो ती कुरतडायचा.

"बाकीच्या दोनशे तेरा?" त्यानं विचारलं.

"पास."

"आणि ही तिसऱ्यांदा पास झाली ना?"

"झाली. पण का झाली ते मला माहीत नाही. आधी का पडली तेही माहीत नाही. मला चार दिवस दे."

यार्मोनं खिडकीबाहेर बघितलं. "सोमवारी वरच्या लोकांपुढे प्रत्येक शहराचा हिशोब जातोय. औलूचं काम वेळेवर जातं की नाही, एवढंच ते बघणार. मी तुला काही सांगत नाही हां, तुइरे. सही तुझी आहे. तू ठरव."

तो गेल्यावर तुइरेनं माझ्याकडे बघितलं. "ओस्मो, तुला काय वाटतं?"

मलाही घर होतं, मलाही भीती होती. मी म्हणालो, "आपल्या तपासणीच्या यंत्राचाच काहीतरी घोळ असेल."

तिनं नोंदीत लिहिलं, 'तपासणी यंत्रातील दोष'. सही केली. मग कोट चढवून घरी गेली, आणि त्या दिवशी सायकल विसरून बसनं गेली.

अकरा दिवसांनी, नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी, शहराच्या ईशान्येला रस्त्याचं काम करणाऱ्या एका खोदयंत्रानं जमिनीतली मुख्य केबल तोडली. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. थोड्याच वेळात कॉफीच्या खोलीत रेडिओवर बातमी लागली: तीन गावांत फोन बंद, काम सुरू आहे. तुइरेच्या हातात कप होता. तो तिनं टेबलावर ठेवला, उचलला, परत ठेवला.

"तिकडच्या फोन कंपनीकडे आपलीच आवृत्ती आहे," ती म्हणाली. "रविवारी टाकलीय."

केबल तुटल्यापासून दहा मिनिटांत साधे फोन सुरू झाले. एकशेबारा अडतीस मिनिटं लागला नाही. हे आम्हाला कळलं, कारण दुसऱ्या दिवशी फोन कंपनीकडून नोंदींची फाइल आमच्याकडे आली. बाहेर मात्र साइवोनं एक निवेदन काढलं: खोदकामात केबल तुटल्यामुळे सेवेत व्यत्यय आला होता, दहा मिनिटांत सेवा पूर्ववत झाली. वर्तमानपत्रात तेच छापून आलं. खोदयंत्र चालवणाऱ्याचा फोटोही आला, हेल्मेट हातात घेऊन उभा.

फाइलमध्ये फोन नंबर पुसलेले होते, फक्त वेळ आणि गावचं एक्सचेंज दिसत होतं. तेवीस कॉल वाया गेले होते. बहुतेक ठिकाणी एकेक, दोनदोन. पण कुइवालाम्पी नावाच्या गावच्या एक्सचेंजवरून एकाच फोननं नऊ बावीस ते नऊ एक्केचाळीस एवढ्या वेळात अकरा वेळा प्रयत्न केला होता. मग काही नाही.

"अकरा वेळा, ओस्मो," तुइरे हलक्या आवाजात म्हणाली.

"थांबले म्हणजे मदत पोहोचली असेल."

"नाहीतर फोन करायला कुणी उरलं नसेल."

पुढच्या आठवड्यात यादी लागली. एकतीस माणसं गेली. तिचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. यार्मो येऊन म्हणाला की वेळेवर दिलेल्या त्या आवृत्तीनं औलूला वाचवलं. लोकांनी तुइरेला मिठ्या मारल्या. ती उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ आली नाही. नळ चालू ठेवला होता तरी आतलं रडणं ऐकू येत होतं.

आमच्या यंत्रणेत प्रत्येक चाचणीची प्रत्येक फेरी नोंदलेली असते. एकशे सत्तेचाळीस दोनदा पडली, तिसऱ्यांदा पास झाली, आणि खाली तुइरेचं नाव. कुणीही उघडून बघू शकत होतं. कुणी बघत नव्हतं, आणि तिला तेच जास्त असह्य होत होतं. रोज सकाळी दारापाशी कार्ड लावताना ती श्वास रोखायची. हिरवा दिवा लागला की सोडायची. कॅलेंडरचा आवाज झाला की तिची मान लाल व्हायची, दुसऱ्याच्या टेबलावरचा आवाज असला तरी. कँटीनमध्ये गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं, ती पूर्वी दोनदा घ्यायची. आता वाडगा घेऊन यायची, ढवळत बसायची आणि परत नेऊन ठेवायची. एकदा मला रायमोचा फोन आला. "हिला झालंय तरी काय? दिवसातून चारचारदा घरचा फोन उचलून कानाला लावून बघते, लागतो का म्हणून."

"कामाचा ताण आहे," मी म्हणालो.

जुन्या फेऱ्यांच्या नोंदी नव्वद दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. हे मला माहीत होतं, तिलाही. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही, पण तिच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. त्या ठिपक्यापर्यंत गप्प बसलं की झालं, असं मी स्वतःला समजावत होतो. ती स्वतःला काय समजावत होती, मला ठाऊक नाही.

ठिपक्याच्या दोन आठवडे आधी, एका शनिवारी सकाळी तिनं माझ्या दाराची बेल वाजवली. हातात गाडीची किल्ली.

"तू चालव. मी चालवली तर अर्ध्यातून परत फिरेन."

"कुठे जायचंय?"

"तुला माहितीय कुठे."

नियमाप्रमाणे तसं जाता येत नाही. फोन कुणी केला होता हे शोधणं तर गुन्हाच. मी तिला वाटेत दोनदा ते सांगितलं. ती समोरच्या बर्फाकडे बघत राहिली. एका वळणावर रेनडियरचा कळप रस्त्यात उभा होता, तो बाजूला होईपर्यंत आम्ही थांबलो. "मेला असेल तर?" तिनं तेवढंच विचारलं. मी गाडी पुढे घेतली.

कुइवालाम्पीत एकच दुकान आहे. आत कॉफीचं एक टेबल. गल्ल्यावरच्या बाईला तुइरेनं विचारलं, नोव्हेंबरात त्या केबलच्या दिवशी इथे कुणी आजारी पडलं होतं का. बाईनं आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही चर्चकडून आलात का?"

"नाही. पण भेटायचंय."

"रायसानेनांचा आर्वो. पिवळं घर, दुधाच्या डेपोच्या पुढे. तो नाही भेटायचा, दवाखान्यात आहे. हेल्वी असेल घरी."

तुइरेनं कॉफीच्या टेबलाची कड धरली. जिवंत होता.

हेल्वी रायसानेन ऐंशीच्या आसपासची, ठेंगणी, पायात लोकरीचे मोजे. आम्ही कोण, कशाला आलो, काही न विचारता तिनं आत घेतलं. कॉफी ओतली, पाव गरम करून ठेवले, आणि मगच समोर बसली. तिच्या बोटांचे सांधे सुजून बोटं आडवी वळलेली होती.

"आर्वोला बघायला आलेले दिसता," ती म्हणाली. "बघून उपयोग नाही. बोलत नाही तो. चुलीपाशी लाकडं घालत होता आणि एका बाजूला कलला. तोंड वाकडं. मी फोन लावला. नुसतं टूं टूं. परत लावला. शेजारचे गावाला गेलेले. शेवटी तशीच घरातल्या सपाता घालून रस्त्यावर जाऊन उभी राहिले. पाऊण तासानं दुधाची गाडी आली, त्या ड्रायव्हरनं त्याला उचलून नेलं. डॉक्टर म्हणाला, तासभर आधी आला असता तर बोलला असता."

तुइरेनं हातातला पाव ताटलीत परत ठेवला.

"माझीच चूक," हेल्वी म्हणाली. "बोटं ही अशी. घाबरले आणि भलतंच काहीतरी दाबलं असणार. मला वाटलं होतं फोनच बंद आहे. पण मुलीनं पेपर वाचून दाखवला. आई, फोन नऊ वीसला सुरू झाले होते, तू त्यानंतर लावलास, म्हणजे तुझंच चुकलं असणार. ती रागावली नाही हो, समजुतीनंच म्हणाली. तेव्हापासून मी सराव करते."

"कसला सराव?" मी विचारलं.

तिनं खिडकीतला फोन उचलला, मागची वायर काढली आणि वाकड्या बोटानं हळूहळू दाबून दाखवलं. एक. एक. दोन. "रोज सकाळी वीस वेळा. आता चुकत नाही. पण आता काय."

तुइरे तिच्या बोटांकडे बघत होती. मग तुइरे म्हणाली, "तुमची बोटं चुकली नव्हती."

"तुला काय माहीत, बाई?"

"अकरा वेळा लावलात. नऊ बावीसला पहिल्यांदा, नऊ एक्केचाळीसला शेवटचं. अकराही वेळा बरोबर दाबलंत. माझ्याकडे नोंद आहे. बाकीचे फोन सुरू झाले होते, हा एक नंबर सुरू झाला नव्हता. तो तपासायचं काम माझं होतं. चाचणी नापास होत होती आणि मी सही केली."

हेल्वीनं फोनची वायर परत लावली. तिला तीनचार वेळा प्रयत्न करावा लागला. कुणी मदत करायला पुढे झालं नाही.

"का केलीस?" तिनं विचारलं.

"नोकरी जाईल म्हणून भीती वाटली."

"आणि गेली?"

"नाही."

म्हातारीनं मान हलवली. ती रडली नाही, ओरडली नाही. मी ओरडण्याची वाट बघत होतो. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी सराव बंद केला तरी चालेल," ती म्हणाली.

"बंद करा."

"मुलीला कोण सांगणार? ती कागदावर छापलेलंच खरं मानते." मग तिनं आमच्या कपांकडे बघितलं. "कॉफी संपवा आणि निघा आता. मला त्याच्याकडे जायचंय, बस चुकेल."

आम्ही तिला दवाखान्यापर्यंत सोडतो म्हणालो. ती नको म्हणाली.

परतीच्या वाटेवर तीन वाजताच अंधारलं होतं. औलूची हद्द लागली तेव्हा तुइरे म्हणाली, "तुझं नाव मी कुठेच घालणार नाही." मी नको म्हणालो नाही, घाल म्हणालो नाही. गाडी चालवत राहिलो.

सोमवारी तिनं तिन्ही फेऱ्यांच्या नोंदी छापून काढल्या आणि यार्मोच्या खोलीत गेली. दार उघडंच राहिलं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"हे दूरसंचारच्या सरकारी खात्याकडे पाठवतेय. आधी तुला सांगायला आले."

"तुइरे, बस जरा. आपण वकिलांशी बोलू. अजून दोन आठवड्यांनी हे सगळं..." तो थांबला. "तू माझं नाव घेणार?"

"कशाला? तू तर काहीच सांगितलं नव्हतंस."

बुधवारी सकाळी दारापाशी तिच्या कार्डाला लाल दिवा लागला. मी तिच्या मागे दोन माणसं सोडून उभा होतो. तिनं परत लावलं, परत लाल. मागच्या माणसाला तिनं बाजूला होऊन वाट दिली. तो खाली मान घालून आत गेला, त्याच्या मागचा गेला, मग मी गेलो. वर जाऊन मी तिचे मोजे, कप आणि तिच्या लेकीचा फोटो खोक्यात भरले, पण ते खोकं खाली सुरक्षारक्षक घेऊन गेला. मी खिडकीतून बघितलं. ती खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधत होती, गाठ दोनदा ओढून बघत.

त्यानंतरचं वर्ष तिला फार जड गेलं. पोलिसांनी तीनदा बोलावलं. सरकारी शिक्क्याचं प्रत्येक पत्र रायमो आधी उघडायचा, कारण तिला लिफाफा फाडवत नसे. 'तुरुंगात जावं लागेल का' असं तिनं मला एकदा बाजारात विचारलं, अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं. शेवटी खटला झाला नाही. सरकारी खात्याच्या अहवालात लिहिलं की दोष सॉफ्टवेअरमध्ये होता, चाचणी दोनदा नापास झालेली होती, आणि एकशेबारा अडतीस मिनिटं बंद होता. साइवोला तसं निवेदन पुन्हा छापावं लागलं, वर्तमानपत्राच्या नवव्या पानावर. त्यात कुणाचंच नाव नव्हतं. खोदयंत्रवाल्याचा फोटोही पुन्हा आला नाही.

तुइरेनं ते कात्रण कुइवालाम्पीला पाठवलं. उत्तर दोन महिन्यांनी आलं, चार ओळींचं. मुलीनं वाचलं, एवढंच त्यात होतं, आणि आर्वो आता डाव्या हातानं चमचा धरतो. तो आणखी दोन वर्षं जगला. बोलला नाही.

आमच्या धंद्यात तुइरेला पुन्हा कुणी घेतलं नाही. मोठ्या कंपन्या एकमेकींना फोन करतात. सध्या ती नगरपालिकेत आहे: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर मदतीचं बटण बसवायचं, दर महिन्याला घरी जाऊन ते चालतं का बघायचं. पगार निम्मा. रायमोची बोट पाण्यात उतरली आणि पहिल्याच उन्हाळ्यात गळायला लागली. त्यावरून ती त्याला अजून छळते.

मागच्या मार्चमध्ये ती मला नदीवरच्या पुलापाशी भेटली. साइवोत तेव्हा पुन्हा कपातीची बोलणी चालू होती, मी आठवडाभर धड झोपलो नव्हतो, आणि ते माझ्या चेहऱ्यावर असावं.

"तुला आता भीती नसेल वाटत," मी म्हणालो.

"वाटते की. रोज. प्रत्येक घरी बटण दाबलं की उत्तर येईपर्यंत वाटते." तिनं हातमोजे चढवले. "पण ओस्मो, तेव्हा मी कॅलेंडरला घाबरत होते. ही भीती मला परवडते. तू घरी जा, झोप जरा."

मग तिनं घड्याळ बघितलं. पुलापलीकडे एका चौथ्या मजल्यावर तिच्या बटणवाल्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी सकाळपासून फोन उचलत नव्हतं. ती सायकलवर बसली आणि पुलावरून निघून गेली.